मापाची सहल आणि पाच पासपोर्ट

ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार. सकाळपासून मी मुद्देमालाच्या खोलीत उभी होते. दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते. आमचं ठाणं जिल्ह्याच्या मुख्य गावातलं, त्यामुळे इतर ठाण्यांचा बराच मुद्देमाल आमच्याकडे ठेवलेला असे. सीलबंद पोती, कुऱ्हाडी, सायकली, एक शिवणयंत्रसुद्धा होतं. त्या सगळ्याची वाटणी करायची होती. हेड कॉन्स्टेबल चिठ्ठीवरचं गाव वाचायचा, मी जिल्हा सांगायची.

"बेल्लमपल्ली?"

"मंचिर्याल."

"उटनूर?"

"आपलंच."

"मॅडम, माणसं पण अशीच वाटली का?" तो म्हणाला. तो तेलुगू, पण सीमेवरच्या ठाण्यांत नोकरी करून मराठी चांगलं बोलायचा.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता कागद समोर ठेवल्याशिवाय नीट आठवत नाहीत. त्या सोमवारची तक्रार मात्र बोलण्यासकट लक्षात आहे, आणि गंमत म्हणजे त्यात अटक एकालाही झाली नाही. नावं देत नाही, कारण सगळी माणसं एकमेकांना धरून अजून इथंच राहतात.

मुद्देमाल अर्धा झाला असताना ठाण्याचा फोन वाजला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "बस स्टँडपाशी ते टूरवाली बाई बसते ना, ते लोकाईचे पासपोर्ट जमा करून राह्यली. पाहून घ्या." नाव विचारलं तर फोन बंद. निनावी फोन करणारा माणूस बहुतेक वेळा समोरच्या दुकानाचं शटर खाली आलेलं पाहायला उत्सुक असतो, हा माझा अनुभव. तरी मी जनरल डायरीत नोंद केली. खबर ती खबर.

दुपारी तक्रारदार आले. बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ओव्हरमन म्हणजे जमिनीखाली माणसांच्या पाळीवर हुकूम चालवणारा. तो हुकूम त्यांच्या आवाजातून गेला नव्हता. सोबत मुलगा.

प्रकरण असं होतं. कुटुंबातले पाचजण इंडोनेशियाला जाणार होते: ओव्हरमन, त्यांची बायको, मुलगा, सून आणि ओव्हरमनची विधवा थोरली बहीण. बहिणीला घरात सगळे आक्का म्हणत. सहल आखून देणारी बाई आदिलाबादची. ती दसऱ्याच्या आधी त्यांच्या घरी गेली, तिकिटावरची नावं पासपोर्टाशी जुळवून पाहिली, आणि त्यानंतर पाचही पासपोर्ट दिसेनासे झाले. जाण्याचा दिवस पंधरवड्यावर आला होता.

"तिनंच नेले," ओव्हरमन म्हणाले. "विकले असन कोणाले. तिले आत टाका मॅडम, मंग पाहा कशी बोलते."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, आक्काच्या हातात देल्ले. आक्का म्हणते, मले नाई देल्ले. माही बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची हाय. ते खोटं बोलन का?"

वय झालं म्हणून माणूस खोटं बोलायचं विसरत नाही. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

"घर शोधलं?"

"चुलीपासून देवापर्यंत. गाद्या उसवल्या," मुलगा म्हणाला.

त्यांना ताबडतोब गुन्हा दाखल करून हवा होता. मी त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली. पासपोर्ट गेल्याची नोंद एकदा वर गेली की तो पासपोर्ट कायमचा बाद होतो. नंतर तो उशाखाली सापडला तरी विमानतळावर चालत नाही. नवे पाच पासपोर्ट पंधरवड्यात मिळणं कठीण. "म्हणून मला दोन दिवस द्या," मी म्हणाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. मग म्हणाले, "दोनच." आणि लेखी अर्ज ठेवून गेले.

मी हेड कॉन्स्टेबलला घेऊन चालतच त्या बाईकडे गेले. जीप दारात उभी केली असती तर चौकशी सुरू व्हायच्या आतच शेजाऱ्यांनी निकाल दिला असता.

बस स्टँडपाशीच तिचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. वय तिशीच्या थोडं पुढे. खासगी शाळेत भूगोल शिकवायची, ती नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं होतं. याआधी लोकांना ऊटी आणि अंदमानला पाठवलं होतं. परदेशाचं हे पहिलंच काम. भिंतीवर इंडोनेशियाचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. मी वर्दीत आत शिरले तेव्हा ती उठून उभी राहिली, पण रडली नाही. मला तेवढं बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाची चौकशी लांबते.

"मॅडम, केस झाली का माझ्यावर?"

"अजून नाही. बस. पासपोर्ट कुणाला दिलेस?"

"आक्काले. बाकीचे टीव्ही पाहून राह्यले होते. मी पिशवी त्यांच्या हातात देल्ली, त्यांनी पदराखाली घेतली. दुसरं काही मी कसं सांगू?"

"पावती?"

"घरचे लोक, मॅडम. त्यांच्या घरी जेवली मी. पावती काय मागू?"

हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी आला. "पक्की आहे मॅडम. घाबरत नाही."

न घाबरणारा माणूस पक्का असतो किंवा खरा असतो. दोघांतला फरक कळायला त्याला त्याच्या कामाबद्दल बोलतं करावं. खोटारडा स्वतःच्या कामाबद्दल थोडक्यात बोलतो. मी म्हटलं, "तू नेमकं करतेस काय? तिकीट तर कुणीही काढून देतं."

"तयार कपडा आन शिवलेला कपडा, यात फरक असते ना, मॅडम? मी मापाची सहल शिवते."

मग ती बोलत राहिली. हजारो बेटांचा देश आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत घड्याळ दोनदा बदलावं लागतं. बेटागणिक भाषा वेगळी, देव वेगळे, घराचं छप्पर वेगळं. सगळं पाहू म्हणणारा फक्त विमानतळ पाहतो. म्हणून आधी प्रत्येक माणसाला एकटं बसवून विचारायचं, की तुम्हाला काय पाहायचं आहे, किती चालवतं, सकाळी कशाशिवाय चालत नाही, आणि भीती कशाची वाटते. सगळ्यांची मापं घेतली की मग बेटं निवडायची.

"एकटं बसवून का?"

"सगळे एकत्र बसले की घरात ज्याचा आवाज मोठा, त्याचीच सहल होते."

आमच्याकडे साक्षीदारांना वेगवेगळं बसवतात ते याच कारणासाठी. मी खुर्ची जवळ ओढली. "या घरातल्या प्रत्येकाचं माप सांग."

ती नकाशापाशी गेली. "ओव्हरमन काका म्हणे, मले समुद्रात काई रस नाई. मंग मी सुमात्रात एक जुनी कोळशाची खाण शोधली, आता बंद हाय, आत चालून पाहता येते. हे ऐकून ते पोरासारखे हसले. काकूला कापड पाहिजे. जावात मेण लावून कापड रंगवतात, ते करणाऱ्या बायांजवळ बसायचं. पायऱ्या नाई चढत त्या. त्यांच्या पोराला ज्वालामुखी पाहिजे. अन् सुनेला..." ती थांबली.

"बोल."

"सून म्हणे, मला कुठंबी न्या. फक्त माझा टॉवेल कुठं हाय, हे मला कोणी विचारू नये."

हेड कॉन्स्टेबल मोठ्यानं हसला. मीही हसले असेन.

"आणि आक्का?"

"त्यांचं माप भेटलंच नाही. मी दोनदा बसली त्यांच्याजवळ. काय पाहायचं ते सांगतच नाही. उलट पासपोर्ट दाखवून मलाच विचारत, 'यावर जिल्हा कोणता लिवला हाय?' मी म्हटलं, आदिलाबाद. तर म्हणे, 'दसऱ्याले तं आमचा जिल्हा बदलून राह्यला.' मी म्हटलं, काही फरक पडत नाही. मंग विचारलं, 'जातानी कोन पाहाते आन येतानी कोन पाहाते?'"

"येताना?"

"हाव. दोन्ही वेळेस येतानाचंच फिरून फिरून विचारलं."

मी आदिलाबादच्याच मराठी घरात वाढले. निजामाचं राज्य गेलं, मग प्रांतांची फेररचना झाली, अर्धे सोयरे महाराष्ट्रात गेले, आम्ही आंध्रात राहिलो, पुढे तेलंगण झालं. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी घर न हलवता चार वेळा पत्ता बदलला आहे. त्यांच्या लेखी जुन्या जिल्ह्याचा कागद म्हणजे मेलेला कागद. असं घर मी लहानपणापासून पाहिलं होतं, म्हणून माझं डोकं त्या दिशेनं चालू लागलं. तरी मला वाटलं ते एवढंच, की आक्काला जायचं नाही, घाबरून तिनं पासपोर्ट लपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं बेल्लमपल्लीला निघालो. आधी तिथल्या ठाण्याला वायरलेसवर कळवलं. कालपरवापर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं, आता परवानगी घेऊन जायचं होतं. पलीकडच्या ड्यूटीवाल्यानं विचारलं, "मॅडम, आप आदिलाबादसे बोल रहे? मतलब बाहरके?" बाहरके तर बाहरके.

ओव्हरमनच्या घरी मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि आक्कांना मागच्या अंगणात घेऊन गेले. त्या अंगानं बारीक, पाठ ताठ. सुपात ज्वारी निवडत होत्या. निवडणं थांबवलं नाही.

"आक्का, तुम्हाला जायचं नाही का इंडोनेशियाला?"

सूप खाली आलं. "काऊन नाई जायाचं? नवी चप्पल घेतली ना म्या. पट्ट्याची. पाह्यची हाय?"

ऐकलं आणि माझा अंदाज तिथंच मोडला. चप्पल घेणारी बाई सहल मोडत नाही.

"मग पासपोर्ट कुठं आहेत?"

"मले नाई मालूम."

इथं आवाज चढवून काही मिळालं नसतं. माहेरासासरच्या माणसांचे आवाज ऐकून त्यांचे कान निबर झाले होते. मी खरं काय ते सांगितलं. "त्या मुलीवर उद्या गुन्हा दाखल होईल. पासपोर्ट विकल्याचा. तिचं दुकान बंद होईल आणि इथं तिला कुणी परत शाळेतही घेणार नाही. तुम्ही म्हणता तिनं दिले नाहीत. ती म्हणते पदराखाली घेतले. दोघींपैकी एक खोटं बोलते. ती खोटं बोलते, असं मी लिहून घेऊ का?"

त्यांनी हातातली ज्वारी सुपात टाकली.

"तिच्यावर काऊन? मी तं चार रोजात आनून ठेवनार होती."

"कुठून?"

"उटनूरहून. दुरुस्तीले देल्ले."

मग सगळं एकदम बाहेर आलं. त्या दहा वर्षांच्या असताना निजामाच्या राज्यात शेवटची धामधूम झाली. घरच्यांनी त्यांना रातोरात नावेतून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात नेलं. शांत झाल्यावर परत आले. "आलो तं गावात म्हनते, तुमचा कागद जुन्या राज्याचा. घरात दुसरेच लोक. माहा बाप कचेरीच्या दारात बसून बसून मेला. जाऊ तं कोनीबी देते, मॅडम. घेत नाई वापस. आता पाच जनं जाऊन राह्यलो, पोरगा, सून सगळे. कागदावर जिल्हा जुना. वापस आलो आन दारातच अडवलं तं?"

"भावाला का नाही सांगितलं?"

"तो? तो म्हनला असता, आक्का, तुले काई समजत नाई. नेहमी हेच म्हनते."

त्यांनी दसऱ्याला उटनूरजवळच्या सासरच्या गावी जाताना पासपोर्ट सोबत नेले होते. उटनूरला एक म्हातारे अर्जनवीस होते, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे. आक्कांच्या घरचे सगळे अर्ज त्यांनीच लिहिलेले. त्यांच्या हाती दिले. ते म्हणाले, नव्या जिल्ह्याची मोहर मारून घेतो, तोवर कुठं बोलू नका.

मोहर. पासपोर्टाच्या पानावर कचेरीचा रबरी शिक्का बसला की तो खराब झालेला कागद. इतके दिवस पाचही पासपोर्ट शिक्का मारायला उत्सुक माणसाच्या हाती होते.

"चला, आक्का."

"थांबा. चप्पल घालते."

ओव्हरमन दारात आडवे आले. "कोठी नेऊन राह्यले माह्या बहिनीले?"

"उटनूरला. तुम्हीही बसा. आणि वाटेत बोलू नका."

खाणीत हुकूम चालवलेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं माझा हुकूम पाळला. आसिफाबादवरून घाटरस्त्यानं उटनूर गाठेपर्यंत जीपमध्ये फक्त आक्का बोलत होत्या, त्याही ड्रायव्हरशी. त्याला मुली किती, पगार वेळेवर होतो का.

अर्जनवीस घरीच होते. डोळ्यांवर जाड भिंगं, समोर उतरतं मेज, मेजावर डिंकाची बाटली उघडी. मला पाहून उभे राहिले. आक्कांना पाहून परत बसले.

"बाई, अजून नाही झालं काम. मोहर आलीच नाही."

"पासपोर्ट कुठे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी पेटी उघडली. लाल फडक्यात बांधलेले पाचही पासपोर्ट. मी एकेक पान उलटून पाहिलं. कोरे. पाच अर्ज मात्र तयार होते, वळणदार अक्षरात, सुरुवातीला 'अर्जदार नम्रपणे अर्ज करते की'. प्रत्येकावर कोर्ट फीचं तिकीट डकवलेलं.

"हे तिकीट पासपोर्टावर लावणार होता का?"

"नाही मॅडम. पासपोर्टावर फक्त मोहर. पण नव्या जिल्ह्याची मोहर अजून बनूनच नाही आली. मंचिर्यालचा क्लार्क म्हणतो, या हफ्त्यात येते. जुनी मारू का म्हटलं, तर म्हणे जुनी आता चालत नाही." त्यांनी हात पसरले. "मोहरेशिवाय मी कागदाला हात कसा लावू?"

सरकारी शिक्का उशिरा आल्याबद्दल मी आयुष्यात एकदाच खूश झाले, ती ही वेळ.

मी आक्कांना आणि अर्जनवीसांना समोर बसवून सांगितलं. पासपोर्ट देशाचा असतो, जिल्ह्याचा नसतो. पत्ता जुना असला तरी मुदत संपेपर्यंत तो चालतो. अर्जनवीसांनी मान हलवली, पण आक्कांनी नाही.

"तुमी सांगता. पन तिथं तुमी असान का?"

"मी नसेन. तुम्ही भारतीय आहात हे त्या पासपोर्टावर लिहिलंय. जिल्हा शंभरदा बदलला तरी ते बदलत नाही."

"कोठी लिवलं हाय? दाखवा."

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या जागेवर आपलंही बोट ठेवून पाहिलं. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? आता तूबी समजून घे."

ओव्हरमन जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले सांगतलं असतं तं मीच इचारून आलो असतो."

"तू इचारलं नसतं. हसला असता."

त्यांनी पाचही पासपोर्ट मोजून पिशवीत भरले आणि पिशवी माझ्याकडे दिली.

तिथून तडक आदिलाबाद. सहलवाली बाई ठाण्यात वाट पाहत होती. मी पिशवी मेजावर ठेवली तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले. ओव्हरमननी अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून नीट निघेना. खाकरले, पुन्हा खाकरले.

"ते... पोरी... माहं चुकलं."

"राहू द्या काका. पण आता पावती द्यावी लागन," ती म्हणाली. सगळे हसले. मग ती आक्कांच्या शेजारी येऊन बसली. "आक्का, तुमचं माप अजून बाकी हाय. आता तरी सांगा. काय पाहायचं?"

आक्का भावाकडे न पाहता म्हणाल्या, "मले मोठ्या नदीत नावेत बसायचं हाय. उजेडात. पल्याड जायाचं, चहा प्यायचा, आन वापस यायाचं."

ती मुलगी लगेच उठली. "बोर्निओच्या बाजूला लई मोठ्या नद्या हाय. सकाळी नावेतच बाजार भरते. एक दिवस बालीचा कापते." ओव्हरमन काही बोलायला गेले, तर ती म्हणाली, "तुमची खाण तशीच ठेवते, काका."

ते पाचजण ठरल्या दिवशी गेले आणि ठरल्या दिवशी परत आले. विमानतळावर आक्कांनी खिडकीतल्या अधिकाऱ्याला विचारलं म्हणे, "झालं का? आलो ना आमी?" तो हो म्हणाला, तेव्हाच पुढे सरकल्या.

निनावी फोन बस स्टँडवरच्या दुसऱ्या तिकीटवाल्याचा निघाला. त्याला बोलावून समज दिली.

या प्रकरणातून मी एक शिकले. चौकशीत आपण विचारतो, तू काय केलंस, कुठं होतास, सोबत कोण होतं. ते विचारायचंच. पण त्या मुलीचा चौथा प्रश्न, भीती कशाची वाटते, तो आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हता. पुढच्या नोकरीत मी तो अनेकांना विचारला, चोरांनासुद्धा. निम्मे तरी उत्तर देतात. आणि दुसरं असं, की जिल्हा वाटणं वरच्यांना कागदावर सोपं वाटतं. खाली कुणाच्या तरी बापानं कचेरीच्या दारात जन्म काढलेला असतो, आणि आम्ही त्याच दारातून 'काही फरक पडत नाही' एवढंच सांगून मोकळे होतो.

पासपोर्ट सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रोल कॉल झाल्यावर मी ठाण्याच्या दारात एक टेबल टाकायला लावलं आणि हेड कॉन्स्टेबलला तिथं बसवलं. जुन्या जिल्ह्याचे कागद घेऊन कुणी आलं तर काय चालतं, काय बदलावं लागतं, ते तीन भाषांत सांगायचं, आणि हसायचं नाही. मुद्देमालाकडे जाताना मी पाहिलं, नेरडीगोंडाकडचा एक शेतकरी रेशनकार्ड पुढे करून उभा होता. त्याचा जिल्हा बदललाही नव्हता.

"हे चालते का अजून?"

"चालतं," हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

"तसं लिवून द्या."

हेड कॉन्स्टेबलनं माझ्याकडे पाहिलं. मी परत फिरले, टेबलापाशी खुर्ची घेतली आणि लिहून दिलं.